खालचा त्रिकोण

परभणीला, विद्यापीठाच्या ज्वारीच्या रानात
त्या रब्बीला माझ्याकडे सात वाण होते.
वहीत सात बाय सातची चौकट आखली:
कर्णावर ज्याचा तो, आपापलाच,
वरच्या त्रिकोणात एकवीस संकर,
खालचा त्रिकोण कोरा.
तीच जोडी उलटी करून नवं काय मिळणार,
म्हणत सरांनी त्यावर पेन्सिलीची रेघ मारली.
आई कोण, बाप कोण, यानं फरक पडत नाही
असं गृहीत धरू.
गृहीत धरायला मजुरी लागत नाही.

नवसाबाई ऊन कललं की यायची.
जालन्याच्या बियाणे कंपनीत, कपाशीवर,
तिची बोटं शिकून आली होती.
कणसाचा शेंडा छाटायचा, बूड छाटायचं,
मधल्या चाळीसेक फुलांत सुई घालून
प्रत्येकातले तीन परागकोश अलगद उचलायचे.
एक जरी फुटला
तरी त्या फुलाचा भरवसा संपला.
मग बटर पेपरची पिशवी, टाचणी, तारीख.
सकाळी दव सुकताना
दुसऱ्या पिशवीतली पिवळी भुकटी
ती अशी झाडायची
की जणू कुणाला उठवायचं नाहीये.

चौथ्या दिवशी म्हणाली,
"मॅडम, पाचाची भुकटी दोनावर घालता,
दोनाची पाचावर काहून नाही?
लेकरू आईच्या पोटात वाढतं का वहीत?"
मी रेघेकडे बोट दाखवलं.
तिनं रेघ पाहिली.
लिहिता-वाचता येत नसलेलं माणूस
कोरी जागा फार नीट वाचतं.

पुढच्या वर्षी अठ्ठावीस नावं,
जेवणाच्या डब्यात चिठ्ठ्या हलवून तीनदा काढली.
नाल्याकडचा उतार आडवा कापत तीन गट,
चौऱ्याऐंशी वाफे, भोवती काठाच्या ओळी,
ज्या कुणी मोजत नाही.
"चांगल्याला विहिरीकडं द्या की."
मग वाण चांगला की विहीर, हे कसं कळायचं?
ती खुंटी ठोकता ठोकता थांबली.
"म्हंजी आधी समद्यायला नशिबावर सोडायचं
आन् मग नशीब वजा करायचं."
सांख्यिकीच्या पेपरात मी हेच
चार पानांत लिहिलं होतं.

पौषात रानडुकरांनी
दुसऱ्या गटातला एक वाफा लोळवला.
हरवलेल्या वाफ्याचं सूत्र असतं:
त्याच्या भावंडांची बेरीज, शेजाऱ्यांची बेरीज,
सगळ्या रानाची बेरीज वजा,
आणि जे पिकलंच नाही त्याचं उत्पन्न
दोन दशांशांपर्यंत येतं.
फक्त एक किंमत मोजायची.
स्वातंत्र्याच्या मात्रा चोपन्न होत्या,
त्रेपन्न लिहायच्या.

प्रबंध झाला. दोन नंबर आणि पाच नंबर,
दोघेही एरवी सुमार,
एकत्र आले आणि सगळ्यांवर कडी केली.
सरांनी पाठ थोपटली.

आणि ते पाकीट?
काढणीच्या आदल्या दिवशी नवसाबाईनं
काठाच्या ओळीतलं एक ताट दाखवलं,
लाल दोरा बांधलेलं.
मागच्या साली, मी जेवायला गेले असताना,
तिनं दोनाची भुकटी पाचावर घातली होती.
बी गाठोड्यात जपून
पेरताना काठाला टोकलं होतं.
रागावू की मोजू, मला कळेना.
एकाच ताटावरून काही म्हणता येत नाही,
त्याची पुनरावृत्ती नव्हती, त्याला वाफा नव्हता,
चौकटीत त्याचं घर पेन्सिलीखाली होतं.
मी तोललं नाही.

तिनं कणीस तळहातावर चोळलं,
चार दाणे दाताखाली फोडले,
पाच नंबरच्या वाफ्याकडं मान वळवून म्हणाली,
"आईवर गेलीय."

वही अजून आहे.
बावीस वर्षांत शाई विटली,
पेन्सिल मात्र तशीच.